खापर, कवडी आणि हिशेब : गाडगेबाबांचं गणित

डिसेंबर महिना आपल्या वऱ्हाडात दोन तारखांचा असतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेली माणसं बडनेरा, मूर्तिजापूर, अकोल्याच्या स्टेशनांवर परत उतरतात, आणि त्यांचा थकवा उतरतो न उतरतो तोच २० डिसेंबर येतो. त्या दिवशी अमरावतीच्या गाडगेनगरात गर्दी होते. शाळांमध्ये मुलांच्या हातात झाडू दिला जातो, फोटो काढले जातात, पुढारी दोन मिनिटं पटांगण झाडतात. सन २००० मध्ये राज्य सरकारनं बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हापासून तर झाडू म्हणजेच गाडगेबाबा असं समीकरण पक्कं झालं. अभियान वाईट नव्हतं, गावं खरंच बदलली. पण बाबांच्या आयुष्यातला एक अख्खा धागा या झाडूमागं लपून गेला. तो धागा हिशेबाचा आहे.

मी गेली काही वर्षं मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावातल्या विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवते. तिसरी ते पाचवीची लेकरं येतात. समाजशास्त्रात एम.ए. करताना मला वाटायचं की आपल्या वस्तीचा प्रश्न इतिहास आणि हक्कांचा आहे, ती पुस्तकं वाचून दाखवली की झालं. अभ्यासिकेत बसल्यावर कळलं की पाचवीतल्या पोराला भागाकार येत नाही. आणि ज्या घरात भागाकार येत नाही, त्या घराला हक्काचं रेशन किती, मजुरीची कपात किती, कर्जाचं व्याज किती, हे दुसऱ्यानं सांगितलेलं खरं मानावं लागतं. तेव्हापासून मी गाडगेबाबांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी झाडू बाजूला ठेवून.

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, तेव्हाच्या दर्यापूर तालुक्यातलं, आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात येतं. घर परिटाचं, म्हणजे बलुतेदाराचं. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीत धान्य मिळायचं. किती मिळायचं हे देणाऱ्याच्या मापावर आणि मर्जीवर. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले, देबू तेव्हा आठ वर्षांच्या आतबाहेर. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. हे दापुरं आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातलं. तिथं आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्याकडे देबू वाढला. पोरक्या भाच्याच्या वाट्याला जे काम येतं तेच आलं, ढोरं राखायची. पुढं वावर, नांगर, मोट. कामाला वाघ असलेला पोरगा म्हणून त्याची ओळख झाली. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही.

आता इथं थोडं थांबून त्या काळची शाळा काय शिकवत होती ते बघू. पंतोजीच्या शाळेत धुळाक्षरं गिरवून झाली की पाढे सुरू व्हायचे. ते तीसपर्यंतच नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पोरांकडून घोकून घेतले जात. आज आपल्याला हे जुनाट पाठांतर वाटतं, पण त्यामागं कारण होतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचा पाव, अर्धा, पाऊण. सगळा व्यवहार चौथाईचा. दशमान नाणी आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला आली, बाबा गेल्यानंतर. त्यामुळं ज्याला सवायकी आणि दिडकी तोंडपाठ, त्याला बाजार तोंडपाठ.

आणि आता दुसरी गोष्ट जोडून पाहा. खेड्यात धान्याचं कर्ज कोणत्या बोलीवर मिळायचं? सवाई आणि दिढी. पेरणीला चार पायल्या नेल्या की सुगीत सवाईनं पाच द्यायच्या, दिढीनं सहा. म्हणजे सावकाराच्या व्याजाचे दर आणि पंतोजीच्या शाळेतले पाढे यांची नावंसुद्धा सारखीच होती. ज्यांची पोरं त्या शाळेत बसत होती त्यांच्या हातात चोपडी होती. ज्यांची पोरं ढोरांमागं होती त्यांच्या हाताला फक्त अंगठा होता. माझ्या वाचनात जातिव्यवस्थेची पुष्कळ विश्लेषणं आली, पण ती या दोन शब्दांत मला जेवढी स्वच्छ दिसली तेवढी क्वचितच दिसली.

अभ्यासिकेत आम्ही हा हिशेब चिंचोक्यांनी केला. आठ चिंचोके म्हणजे आठ पायल्या ज्वारी. दिढीनं नेली, पहिल्या वर्षी फेडता आली नाही. किती झाली? पोरांनी आठाचे दोन सारखे ढीग केले, एका ढिगाएवढे चार अजून आणून ठेवले, बारा. दुसऱ्या वर्षीही पीक बुडालं. बाराचा अर्धा सहा, झाले अठरा. तिसऱ्या वर्षी अठराचा अर्धा नऊ, सत्तावीस. डब्यातले चिंचोके संपत आले तेव्हा पोरं गप्प झाली. आठाचे सत्तावीस, आणि ज्वारी तर पहिल्याच वर्षी पेरून संपलेली. चौथीतल्या एका पोरीनं विचारलं की दरवर्षी चारच का नाही वाढले, पहिल्यांदा तर चारच वाढले होते. चक्रवाढ व्याज हा सातवी-आठवीनंतर येणारा धडा. तिनं त्याचा प्रश्न चौथीत विचारला, कारण ढीग तिच्या डोळ्यांसमोर वाढत होता. सूत्र आधी दिलं असतं तर हा प्रश्न आला नसता.

चंद्रभान मामाचं असंच झालं. चरित्रकार जी हकीकत सांगतात ती थोडक्यात अशी. मामाचं सावकाराशी देणं-घेणं होतं. देबू वावरात राबत होता, पीक चांगलं येत होतं, आणि मामा दरवर्षी सावकाराकडे भरणा करत होता. पण पावती घेत नव्हता. विश्वास होता, आणि पावती घेतली असती तरी तिच्यावर काय लिहिलं आहे ते वाचणार कोण? शेवटी सावकारानं उभा केलेला आकडा फिटण्यापलीकडचा निघाला आणि जमीन गेली. मामानं हाय खाल्ली आणि त्यातच तो गेला. सावकाराची माणसं वावराचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरण्या देबूनं त्यांना अडवलं, ही गोष्ट वऱ्हाडात अजून रंगवून सांगतात. मला त्या झटापटीपेक्षा आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. पैसे जात होते, धान्य जात होतं, मेहनत जात होती, आणि या सगळ्याची नोंद फक्त समोरच्याच्या वहीत होती.

काही मंडळी जुन्या अडाणी माणसांच्या तोंडी हिशेबाचं फार कौतुक करतात. ते खरंही आहे. माझी आजी पैसे विसांत मोजायची. पंचेचाळीस म्हणजे तिच्या भाषेत दोन इसा आन पाच. बाजारात ती चुकायची नाही. देबूही ढोरांची, पेंढ्यांची, मजुरांची मोजदाद तोंडीच करत असणार. पण तोंडचा हिशेब मामाच्या कामी आला नाही. सावकारी कागदावर चालते. म्हणून गणित शिकवताना चिंचोके, खेळ, गोष्टी हे सगळं हवंच, पण तिथं थांबलं तर आपण लेकराला मामाच्याच जागी उभं करतो. वस्तूवरून तोंडी, तोंडीवरून आकड्यात, आणि आकड्यावरून कागदावर सहीसकट, इथपर्यंत गाडी न्यावी लागते. आनंददायी शिक्षणाच्या नावाखाली वही बंद करून टाकणाऱ्यांशी माझं इथं भांडण आहे.

देबूजीचं लग्न १८९२ मध्ये कुंताबाईंशी झालं. पहिली मुलगी आलोका झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू आणि मटणाचं जेवण द्यायला हवं होतं. देबूजीनं गोडाचं जेवण दिलं. जातपंच रागावले. वरवर पाहता हा दारूबंदीचा आणि प्राण्यांवरच्या दयेचा प्रसंग आहे, पण त्यात हिशेबही आहे. जातीच्या पंगती, बारसं, लग्न, तेरवी यांतूनच तर घरं सावकाराच्या दारात जात होती. मामाची जमीन गेलेली ज्यानं पाहिली तो पंगतीचा खर्च विसरेल कसा?

१ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. पुढची बारा वर्षं भटकंतीची. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटक्या गाडग्याचं खापर, त्यातच जेवायचं. एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. लोकांनी गाडगेबाबा हे नाव ठेवलं ते या खापरावरून. त्या कवडीबद्दल फार कोणी लिहीत नाही. कवडी म्हणजे जुन्या व्यवहारातलं सगळ्यात हलकं चलन, कवडीमोल हा शब्द त्यातूनच आला. ती त्यांनी कानात का घातली याचा अर्थ लावायला मी जाणार नाही. मी एवढंच केलं की अभ्यासिकेत मोजायला चिंचोक्यांबरोबर कवड्याही आणल्या, आणि दहा चिंचोक्यांना एक कवडी असा भाव ठरवला. दशक-एकक शिकवायला याहून स्वस्त साधन मला मिळालं नाही.

त्यांचं पहिलं मोठं काम ऋणमोचनचं. हे गाव अमरावती जिल्ह्यात, भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठी. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. नावच ऋणमोचन, कर्जातून सुटका. नदीत आंघोळ केली की ऋण फिटतं अशी श्रद्धा. लोक उधारी करून यात्रेला यायचे आणि ऋण फेडण्याच्या आशेनं नवं ऋण घेऊन घरी जायचे. बाबांनी लोकांच्या श्रद्धेवर तिथं लगेच हल्ला केला नाही. नदीकाठच्या चिखलात बायाबापड्या घसरून पडत होत्या, ते त्यांनी पाहिलं आणि काठ बांधायला घेतला. १९०८ च्या सुमारास तिथं घाट उभा राहिला. पुढं आंधळ्या-पांगळ्यांना जेवण आणि कपडे, आणि मग कीर्तन. आधी पाय टेकायला जागा, मग बोलणं.

पुढं मूर्तिजापूर, नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर गोळा झाले. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं त्या माणसानं हा एवढा पैसा कसा सांभाळला, हा प्रश्न आपल्या संघटना चालवणाऱ्या तरुणांनी जरूर विचारावा. त्यांनी तो स्वतःजवळ ठेवलाच नाही. प्रत्येक संस्थेला विश्वस्त नेमले, कागदपत्रं केली, हिशेब दुसऱ्यांच्या हाती दिला आणि त्यावर नजर ठेवली. आपल्या घरच्यांचा, नातेवाइकांचा या संस्थांवर कसलाही हक्क राहणार नाही याची तजवीज केली. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली ती याच धोरणातून. मामानं पावती घेतली नव्हती. भाच्यानं आयुष्यभर पावतीशिवाय कारभार होऊ दिला नाही. आपल्याकडे जयंतीच्या वर्गणीचा हिशेब वर्षभर फलकावर लागत नाही, हे इथं लिहून ठेवते. राग येणाऱ्यांनी यावा.

आता त्यांच्या कीर्तनाकडे येते, कारण शिकवण्याची सगळी किमया तिथं आहे.

बाबांच्या अखेरच्या काळातलं मुंबईतलं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. अस्सल वऱ्हाडी बोली, आवाज थकलेला, पण समोरची गर्दी पूर्ण ताब्यात. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुद्दे ऐकत होते. दुसऱ्यांदा मात्र एक शिकवणारी बाई म्हणून ऐकलं आणि चकित झाले. हा माणूस सांगत फार कमी होता. विचारत होता. पहिला प्रश्न इतका सोपा की उत्तर न येणारा माणूस सभेत सापडणार नाही. गर्दी एका आवाजात उत्तर देते. लगेच दुसरा, पहिल्याला चिकटून. पुन्हा उत्तर. तिसरा, चौथा. आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नाला गर्दी अशा जागी येऊन पोहोचते की पुढचं उत्तर द्यायला ती कचरते, कारण ते उत्तर दिलं तर घरचा नवस, अंगारा, बोकड, सगळंच खोटं ठरतं. तिथं बाबा थांबतात. ते उत्तर लोकांच्या तोंडून येऊ देतात. निष्कर्ष लोकांचा असतो, म्हणून तो लोकांबरोबर घरी जातो.

त्यांचे विषय पाहा. लग्नात उडवलेला पैसा, नवसाचं बोकड, तीर्थाची उधारी, दारू. सगळीकडे बेरीज-वजाबाकी आहे. घरात भांडी नसली तरी चालेल, बायकोला लुगडं कमी किमतीचं घ्या, पाहुणचार साधा करा, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असं ते सांगत. हा उपदेश म्हणून आपण वाचतो. पण हे एका गरीब घराचं अंदाजपत्रक आहे. कोणतं कलम कापायचं आणि कोणतं कापायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

मी त्यातून अभ्यासिकेसाठी तीन सवयी उचलल्या. पहिली, उत्तर मी सांगायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे, करायला फार जड. पोरगं अडलं की आपल्या जिभेवर उत्तर आलेलं असतं. बाबांच्या कीर्तनात प्रश्नानंतर जी शांतता असते ती मी मनात मोजायला शिकले. दुसरी, चुकीच्या उत्तराला चूक म्हणायचं नाही, त्यालाच पुढचा प्रश्न विचारायचा. पोरानं ४३ मधून १८ वजा करून ३५ लिहिले तर मी त्याला विचारते की १८ रुपये खर्च झाले आणि ३५ उरले, तर आधी किती होते? तो ३५ आणि १८ मिळवतो, ५३ येतात, आणि त्याचा त्यालाच घोटाळा कळतो. आठातून तीन काढले होते, तीनातून आठ नाही. तिसरी, भाव खरा असला पाहिजे. पुस्तकात सफरचंदं असतात. आमच्या गावात कापूस वेचाईचा दर किलोवर ठरतो आणि पोरांना तो आईच्या तोंडून रोज ऐकू येतो. ज्या पोराला सात गुणिले आठ येत नाही असं शाळेनं लिहून दिलं होतं, तेच पोरगं सात रुपये किलोनं आठ किलो कापसाचे किती हे मला सांगू शकलं. त्याला गुणाकार येत होता, पण त्याला गुणाकार म्हणतात हे माहीत नव्हतं.

आपल्या भाषेतल्या संख्यांच्या नावांचाही एक वेगळाच त्रास आहे. त्रेसष्ट ऐकलं की पोरगं ३६ लिहितं, कारण कानावर तीन आधी पडतो. एकोणसत्तर ऐकलं की ७१ लिहितं. ही पोराची मंदबुद्धी नव्हे, नावांची गुंतागुंत आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, तीस दोन अशी जोडीची वाचनपद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी शांतपणे कारणं सांगितली, पण मराठीचा घात झाला म्हणणाऱ्यांना ती ऐकायची नव्हती. माझा अनुभव असा की ज्या घरात आजोबापासून कोणीतरी शिकलेलं आहे त्या घराला एकोणऐंशी सोपं वाटतं. पहिल्यांदा शाळेत आलेल्या घराला नाही. आम्ही दोन्ही नावं घेतो. तुराट्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधतो, सहा मोळ्या आणि तीन सुट्या, साठ आणि तीन, हेच त्रेसष्ट. महिनाभर हे केलं की उलटं लिहिणं बरंचसं थांबतं. आजीचे तीन इसा आन तीन हेही त्याच मोळ्यांत बसवून दाखवता येतं, आणि मग आजीही ओट्यावरून अभ्यासिकेत डोकावते.

बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांच्या नात्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. एक जगातल्या मोठ्या विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेला, रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केलेला. दुसरा निरक्षर. पण दोघांनाही एक गोष्ट सारखीच दिसत होती, की ज्याच्या हाती हिशेब त्याच्या हाती सत्ता. त्यांच्याही आधी जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब शिकवला जावा असं मांडलं होतं. मोडी का, तर सावकाराचे आणि कचेरीचे कागद मोडीत असत.

गाडगेबाबा देवळात जात नव्हते, तरी कीर्तन विठ्ठलाचंच करत होते. ते बौद्ध झाले नाहीत, आणि ते आपले होते हे सिद्ध करायला त्यांना मागाहून बौद्ध करायची गरजही नाही. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, कारण वारीला आलेल्या अस्पृश्यांना तिथं टेकायला जागा नव्हती. १९४९ मध्ये ही वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. यात्रेकरूंच्या जागी विद्यार्थी राहावेत म्हणून. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री होते. ज्या माणसानं आयुष्यभर वीट-वीट गोळा केली त्यानं पंढरपुरातली इमारत शिक्षणाच्या खात्यावर वळती केली. कीर्तनात तो लोकांना लुगड्याचे पैसे पाटीकडे वळवायला सांगायचा, इथं स्वतः तेच केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं १९५४ मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. आपल्या अमरावती विद्यापीठाला ते २००५ मध्ये मिळालं.

मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगते. अभ्यासिकेतल्या एका पोराची आई कर्जाचं कार्ड घेऊन आली. गटातून एका फायनान्स कंपनीचं कर्ज, ३०,००० रुपये, बारा हप्ते, दर महिन्याला २,८००. तिला सांगितलं होतं की व्याज शेकडा बारा, म्हणजे महिन्याला शंभराला रुपया. तिला ते स्वस्त वाटलं. तिच्या परवानगीनं आम्ही तो हिशेब फळ्यावर घेतला. पाचवीच्या पोरांनी २,८०० गुणिले १० आणि २,८०० गुणिले २ असे दोन तुकडे केले, ३३,६००. वरचे ३,६००. बरोबर शेकडा बारा. कंपनी खोटं बोलली नव्हती.

मग कीर्तनाची रीत. हप्त्यात मुद्दल किती? ३०,००० भागिले १२, अडीच हजार. व्याज किती? तीनशे. पहिल्या महिन्यात तिच्याकडे कंपनीचे किती होते? तीस हजार. तीस हजारावर तीनशे, शंभराला एक. ठीक. सहा हप्ते दिल्यावर किती उरले? पंधरा हजार. त्यावर तीनशे, शंभराला दोन. शेवटच्या महिन्यात किती उरले? अडीच हजार. व्याज किती? तीनशेच. शंभराला किती? इथं पोरं अडली. मी थांबले. एका मुलानं अडीच हजारात शंभर किती वेळा येतात ते मोजलं, पंचवीस वेळा, आणि तीनशेला पंचवीसनं भागलं. बारा. महिन्याला शंभराला बारा.

ती बाई बराच वेळ फळ्याकडे पाहत होती. तिनं कर्ज बुडवलं नाही, फेडलं. पण पुढच्या गटाच्या बैठकीत तिनं साहेबांना विचारलं की फिटलेल्या मुद्दलावर व्याज का. साहेबांनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर वस्तीतल्या आणखी काही बाया कार्डं घेऊन आल्या, आणि आता शनिवारी पोरांच्या गणिताच्या वेळेला मागच्या रांगेत आया बसतात. कार्डावरचा प्रत्येक हप्ता त्या स्वतःच्या वहीत लिहितात, तारीख टाकतात आणि वसुलीला येणाऱ्याची सही घेतात. सही द्यायला तो कुरकुर करतो. देतो मात्र.

डिसेंबर १९५६ मध्ये गाडगेबाबा ऐंशी वर्षांचे होते आणि शरीर थकलेलं होतं. ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. ती बातमी बाबांना फार लागली असं त्यांच्याजवळची माणसं सांगत. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, त्यांना गाडीतून अमरावतीकडे आणलं जात होतं. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडी आली आणि तिथंच त्यांचा श्वास थांबला. अमरावतीत अंत्यसंस्कार झाले, ती जागा म्हणजे आजचं गाडगेनगर.

या पौषात आम्ही पोरांना ऋणमोचनला नेणार आहोत. घाटाच्या पायऱ्या मोजायच्या, एका पायरीची लांबी-रुंदी वितींनी आणि मग टेपनं मोजायची, आणि वहीत लिहून आणायची, असं पोरांनीच ठरवलंय. गाडीभाड्याचा हिशेब सहावीतल्या दोन मुलींकडे दिला आहे. वर्गणी किती आली ते त्यांनी विहाराच्या फलकावर लावलं आहे.